डबे बंद झाले, मग फादरांचं जेवण सुधारलं

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या चर्चचं हे प्रकरण आहे. गावाचं नाव, फादरांचं नाव आणि बायकांची नावं मुद्दाम टाळली आहेत. महिला मंडळानं फादरांच्या गुरुदीक्षेचा, म्हणजे धर्मगुरू झाल्याचा, रौप्यमहोत्सव थाटात करायचं ठरवलं होतं. वर्गणी गोळा झाली होती, मंडपवाल्याला इसार दिला होता, बॅनरवर कुणाकुणाचे फोटो यावेत यावरून दोन घरांत अबोलाही झाला होता. समारंभाला महिना-सव्वा महिना उरलेला असताना एका रविवारी, पाड्यावरच्या तिसऱ्या मिस्सेत (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना), फादरांना वेदीपाशीच घेरी आली. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, मिस्सा पुरी केली. पण पुढच्या ओळीत बसलेल्या म्हातारीचं 'फादरले बरं नही शे वं' हे वाक्य संध्याकाळपर्यंत फोनवरून गावात पोचलं होतं.

आधी थोडं धर्मग्रामाबद्दल, म्हणजे एका चर्चच्या हद्दीबद्दल

नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपाच्या हाताखालचा प्रदेश, १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिक आणि नगरबरोबर जळगाव, धुळे, नंदुरबार हे खानदेशी जिल्हेही त्यातच येतात. नगरकडे एकेका गावात ख्रिस्ती वस्ती दाट सापडते, खानदेशात ती विखुरलेली आहे. इथला कॅथलिक समाज एका मुशीतला नाही. रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली गोवेकर आणि तमिळ कुटुंबं आहेत. नगरकडून शिक्षक किंवा नर्स म्हणून आलेली मराठी घरं आहेत, दवाखान्यांत काम करणाऱ्या केरळच्या मुली आहेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याला पावरा-भिल्ल पाडे आहेत. गावातलं चर्च लहान, शंभराच्या आतली कुटुंबं. उपकेंद्रं, म्हणजे फादर जाऊन मिस्सा करतात ती बाहेरची ठिकाणं, दोन. एक गावापासून जवळ, दुसरं डोंगराला लागून, शेवटचा रस्ता कच्चा.

फादर नगरकडचे, पन्नाशी ओलांडलेले, धर्मप्रांताचे धर्मगुरू. हा तपशील महत्त्वाचा आहे. येशूसंघासारख्या संघांतले व्रतस्थ फादर सहसा समूहात राहतात. जेवायला टेबलावर कुणीतरी सोबत असतं, आजारी पडलं तर शेजारच्या खोलीतल्याला कळतं. धर्मप्रांताचा फादर अशा लहान धर्मग्रामात बहुधा एकटाच असतो. खानदेशात तर शेजारचा फादर म्हणजे तास-दीड तासाच्या अंतरावरचा माणूस. मिशन बंगल्यात दिवसा स्वयंपाकाला एक बाई येत, रात्रीचं झाकून ठेवून सहाला घरी जात. त्यानंतर बंगल्यात फादर आणि एक मांजर.

मंडळ तोवर काय करत होतं

करत नव्हतं असं मुळीच नाही. नाताळात आणि पास्काला (ईस्टरला) घराघरात आशीर्वादाला फादर आले की प्रत्येक घरी शिरा, करंज्या, नाहीतर केक. वाढदिवसाला शाल-श्रीफळ. शुभ शुक्रवारनंतर कुणाच्या तरी घरी मांडे करायचा बेत. दर ऑगस्टला, ४ तारखेच्या आसपासच्या रविवारी, संत जॉन व्हियानी यांचा सण धरून फादरांना हार आणि लहान मुलींचा नाच. व्हियानी हे फ्रान्समधल्या आर्स नावाच्या खेड्याचे फादर. १८५९ मध्ये वारले आणि १९२९ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना जगभरच्या धर्मग्राम-फादरांचे आश्रयदाते संत ठरवलं. ते बरेचदा उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढत असं सांगतात. मंडळातल्या एका काकूंनी त्या दिवशीच्या भाषणात हे बटाटे भक्तीचा नमुना म्हणून सांगितले होते आणि समोर बसलेले फादर हसले होते. त्यांना सात वर्षांपासून मधुमेह होता हे काकूंना माहीत नव्हतं.

एका बाईंना माहीत होतं. त्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत आणि फादर तिथेच रक्त तपासायला जात. घेरीची बातमी आली तेव्हा मंडळात त्यांच्यावर बरीच आगपाखड झाली: 'तुला ठाऊक होतं तर बोलली का नाहीस?' त्यांनी एकच उत्तर दिलं, दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यात राहते, ज्याची त्यानं सांगायची. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणी वागणूक याच बाईंची वाटते. फादरांच्या आजारपणाची चर्चा चर्चच्या आवारात करणं ही त्यांची काळजी घेणं नव्हे, मग हेतू कितीही चांगला असो. त्यांनी केलं ते एवढंच की त्या रात्री बंगल्यावर नवऱ्याला घेऊन गेल्या आणि फादरांनाच म्हणाल्या, "फादर, तुम्ही स्वतः मंडळाला सांगा. मी सांगणार नाही, पण तुम्ही सांगायला हवं."

पुढच्या बैठकीत फादरांनी सांगितलं. दोन-तीन वाक्यांत, जरा ओशाळून.

रविवारचं वेळापत्रक

मंडळाच्या सचिव जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. त्यांनी बैठकीतच वही उघडली आणि विचारलं, "फादर, तुमचा रविवार सांगा. उठल्यापासून." तोवर कुणी हे विचारलं नव्हतं. सकाळी सातला गावातली मिस्सा. मग बाप्तिस्म्याची चौकशी, लग्नाची चौकशी, कुणाचं भांडण. दहाच्या सुमारास मोटरसायकलवरून जवळचं उपकेंद्र. तिथून डोंगराकडचा पाडा, मिस्सा साडेतीन-चारला, कारण पाड्यावरच्या बायका दुपारी बाजारातून परत येत. अंधार पडल्यावर कच्च्या रस्त्यानं परत. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, आणि पोटात दिवसभर कपभर गोड चहा आणि बिस्किटं.

चहा-बिस्किटंच का? कारण दोन्ही उपकेंद्रांतल्या बायकांची पक्की समजूत होती की शेवटची मिस्सा होईपर्यंत फादर उपाशी असतात. जेवण त्या मनापासून करत. पाड्यावर कोंबडा शिजत असे, पण वाढलं जाई ते सगळं आटोपल्यावर, संध्याकाळी. आधी द्यावं तर फादरांचा उपास मोडेल ही भीती.

कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, याचं उत्तर सरळ लिहिलेलं आहे. कलम ९१९ प्रमाणे ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेण्याआधी एक तास काही खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. पण एकाच दिवशी दोन किंवा तीन मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूला दुसऱ्या-तिसऱ्या मिस्सेआधी काही खायला मुभा आहे, तासाचं अंतर नसलं तरी. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तर तीही अट नाही. फादरांना हे कलम ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं. पण समोर काही ठेवलेलंच नसेल तर पाहुणा माणूस 'मला आता वाढा' म्हणत नाही. आणि मागून खाणारा फादर म्हटला की लोक काय म्हणतील, हाही संकोच.

तीन मिस्सा हा मुळात अपवाद आहे, हे बैठकीत बऱ्याच जणींना पहिल्यांदा कळलं. कलम ९०५ नुसार धर्मगुरूनं दिवसाला एकच मिस्सा करायची असते. फादर कमी असतील तिथे बिशप दोनची आणि रविवारी गरज पडल्यास तीनची परवानगी देऊ शकतात. म्हणजे पाड्याचा हक्क म्हणून रुळलेली तिसरी मिस्सा खरं तर फादरांच्या अंगावरची जादा पाळी होती.

पहिला उपाय आणि त्यानं झालेला घोळ

मंडळानं लगेच डब्यांची पाळी लावली. सोमवार अमुक, मंगळवार तमुक, बिनसाखरेचं, कमी तेलाचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना फार बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात स्पर्धा सुरू झाली. एकीनं कळण्याची भाकरी आणि भरीत पाठवलं तर दुसरीनं शेवभाजी, आणि शेवभाजीवरची तर्री पाहून नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. केरळच्या मुलींनी माशाची आमटी पाठवली, ती फादरांना आवडली, हे आवडणं गावभर झालं आणि मग रुसवेफुगवे.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाई ख्रिस्ती नाहीत, शेजारच्या वस्तीतल्या आहेत, आणि त्यांचं घर या पगारावर चालतं. रोज बाहेरून डबा येऊ लागल्यावर त्या दोन दिवस गप्प राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी फादरांना म्हणाल्या, "माझ्या हातचं वाईट असेल तर सांगा ना बाबा, मी दुसरं काम बघते." फादरांनी त्यांची समजूत घातली आणि डबेही घेत राहिले, कारण मंडळाला नाही म्हणणं त्यांना त्याहून अवघड. महिनाभर त्या घरात दोन-दोन स्वयंपाक होत होते आणि फादर दोन्हीकडचं थोडं थोडं खात होते. साखर वाढली.

हे सचिवबाईंना स्वयंपाकाच्या बाईंकडूनच कळलं, रेशनच्या रांगेत. डबे त्याच आठवड्यात बंद केले. नर्सबाई दोन संध्याकाळी बंगल्याच्या स्वयंपाकघरात बसल्या आणि त्या बाईंना वेळा समजावून दिल्या: गोळीनंतर अर्ध्या तासात खाणं, भाताऐवजी ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, चहा बिनसाखरेचा, रात्री झाकून ठेवायचं ते नऊच्या आत खाल्लं जाईल असं. बाईंच्या पगारात मंडळानं थोडी भर घालायची ठरवली, ती धर्मग्रामाच्या हिशेबातून, उघड. कॅनन लॉप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते. तिच्या वहीत ही नोंद झाली. बायकांनी गुपचूप हातात पैसे ठेवले असते तर त्याला भलतेच पाय फुटले असते.

उपकेंद्रांवर फक्त एक निरोप गेला: फादर आले की आधी खायला, मग मिस्सा. उकडलेलं अंडं, मूठभर चणे, अर्धी भाकरी. पाड्यावरच्या बायकांना हे पटायला कलम ९१९ उपयोगी पडलं नाही. त्यांच्यातलीच एक म्हणाली, नांगराच्या बैलालाही आधी चारा देतो. प्रश्न मिटला.

तिसरी मिस्सा

धर्मगुरूंना हातभार लावायचा तर त्यांच्या आठवड्यात नवं काही घालण्यापेक्षा आपल्या सवयीतलं काही काढावं लागतं. या धर्मग्रामाला हे कळलं ते मिस्सेच्या वेळेवरून.

कॅनन लॉच्या कलम १२४८ प्रमाणे शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनंही रविवारी मिस्सेला जाण्याचं कर्तव्य पुरं होतं. म्हणजे जवळच्या उपकेंद्राची मिस्सा शनिवारी घेतली तर रविवारी दोनच उरतात, आणि पाड्याची मिस्सा सकाळी अकराला घेता येते. फादर उजेडी परत. कागदावर हे सोपं. पण जवळच्या गावच्या बायका शनिवारी केळीच्या बागांत मजुरीला जातात आणि आठवड्याचा हिशेब त्याच संध्याकाळी मुकादमाकडून मिळतो. पाड्यावरच्या बायकांचा बाजार रविवारी सकाळी. दोन्हीकडे बायकांनाच काहीतरी हलवावं लागणार होतं. पुरुष बैठकीला आले, हो म्हणाले आणि गेले. त्यांचं काही हलणार नव्हतं.

जवळच्या गावानं शनिवारची मिस्सा सातला मागितली आणि मिळाली. पाड्यावर वाटाघाट चालली ती ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत. शेवटी त्यांनी बाजाराचं काम आलटून-पालटून वाटून घेतलं: चार घरांचा माल दोघी नेतात, बाकीच्या मिस्सेला थांबतात, पुढच्या रविवारी पाळी बदलते. गावातल्या मंडळानं फादरांसाठी जे जे केलं त्या सगळ्याहून हे जड आहे, असं माझं मत आहे. या बायकांच्या नावाचा बॅनर मात्र कुणी लावला नाही.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मगुरूंच्या सेवेविषयी जो हुकूमनामा काढला त्याच्या नवव्या परिच्छेदात प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या लोकांना, सांगितलं आहे की धर्मगुरूंच्या चिंता वाटून घ्या आणि प्रार्थनेनं व कामानं त्यांना मदत करा. मंडळात प्रार्थना नेहमीच होती. दर गुरुवारी फादरांसाठी जपमाळ म्हणणाऱ्या चार म्हाताऱ्या आहेत, आणि त्यांचं सातत्य इतर कोणत्याही पाळीला आलेलं नाही. कामाचा भाग उशिरा आला.

फोन, दाखले आणि बंगल्याचं दार

जूनमध्ये शाळाप्रवेशाच्या वेळी बाप्तिस्म्याच्या दाखल्यांसाठी लोक वेळीअवेळी फोन करतात. सचिवबाईंनी अर्ज घेण्याचं काम अंगावर घेतलं: नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याचं अंदाजे साल, फोन नंबर. नोंदवही उघडणं आणि सही हे फादरांकडेच. लग्नाच्या चौकशीचे कागद तर त्या पाहतही नाहीत. त्यात माणसांच्या खासगी गोष्टी असतात. ही रेघ फादरांनीच आखून दिली आणि ती पाळली जाते.

दुपारी दोन ते चार फोन करायचा नाही, मरणाची घटका असेल तर सोडून, हा नियम मात्र तीन-चार आठवड्यांच्या वर टिकला नाही. भुसावळकडच्या मे महिन्यात दुपारी पारा ४५च्या पुढे जातो, माणूस पडल्याशिवाय राहत नाही, तरी फोन येतातच. नियम मोडणाऱ्यांत मंडळाच्या अध्यक्षाही होत्या.

बंगल्यावर जाण्याबद्दल बोलणं सर्वांत अवघड होतं आणि म्हणून ते शेवटच्या बैठकीत झालं. एक बाई रोज संध्याकाळी 'फादरांना बरं वाटतंय का' बघायला जात. मनात काही नव्हतं, पण छोट्या गावात संध्याकाळ मोजणारे लोक असतात. सचिवबाईंनी कुणाचं नाव न घेता ठरवलं: कामासाठी ऑफिसात, दार उघडं, दोघी मिळून, अंधार पडायच्या आत. मुलांच्या वर्गालाही तोच नियम, तिथे तर दोन मोठी माणसं हवीतच. त्या बाईंना राग आला आणि त्या काही आठवडे मिस्सेला दुसऱ्या बाजूला बसल्या. फादर खूश होते. त्यांनी स्वतः हे कधीच बोलून दाखवलं नसतं. फादरांवर माया असणं आणि त्यांच्याबद्दल प्रश्न विचारायला तयार असणं या दोन्ही गोष्टी एकाच मंडळात असाव्या लागतात. हिशेब पटला नाही तर अर्थसमितीत विचारायचं, मुलांच्या बाबतीत काही खटकलं तर गप्प बसायचं नाही, हेही त्याच दिवशी वहीत लिहिलं गेलं.

समारंभाचं काय झालं

झाला, पण लहान. मंडप रद्द केला, इसार बुडाला. उरलेल्या पैशातून पाड्यावरच्या लोकांना मिस्सेला आणायला दोन गाड्या केल्या आणि फादरांसाठी एक मोठा कूलर घेतला, कारण बंगल्याच्या जुन्या पत्र्याखाली मे महिना कसा जातो ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौथ्या दिवशी तो कूलर सिस्टरांच्या (नन्सच्या) वसतिगृहात, आजारी मुलींच्या खोलीत दिसला. मंडळात वादळ झालं. 'आपण दिलेला कूलर!' मला विचाराल तर दिलेली वस्तू ज्याला दिली त्याची झाली. ती कुठे ठेवायची हे देणाऱ्यानं ठरवायचं असेल तर ती भाड्यानं दिली म्हणायची. पण मंडळाचीही चूक म्हणवत नाही, त्या उन्हात फादर घामाघूम होऊन झोपताहेत हे बघवत नव्हतंच.

शाल-हारांपेक्षा फादरांना काय हवं होतं याचा अंदाज एका वेगळ्याच गोष्टीवरून आला. रौप्यमहोत्सवाच्या मिस्सेनंतर भाषणांऐवजी सचिवबाईंनी पाच जणींना एकेक गोष्ट सांगायला लावलं: फादरांचं कोणतं प्रवचन किंवा कोणतं वागणं उपयोगी पडलं. 'छान बोलता' चालणार नाही, नेमकं सांगायचं. एकीनं सांगितलं की नवऱ्याच्या दारूच्या दिवसांत फादर दर बुधवारी येऊन त्याच्याशी क्रिकेटवर बोलत बसायचे, उपदेश केला नाही. एका पावरा मुलीनं सांगितलं की तिची आई मराठी प्रवचन निम्मंच समजते, म्हणून मिस्सेनंतर ती निंबाखाली बसून आईला आणि मावश्यांना ते पावरीत परत सांगते. फादरांना हे ठाऊक नव्हतं. त्यानंतर शनिवारी ते तिला दोन ओळींत सांगून ठेवतात की उद्या कशावर बोलणार आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात मग्दालिया मरिया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर बायका आपल्या पैशाअडक्यानं येशूची आणि शिष्यांची सोय बघत असं लिहिलेलं आहे. मंडळात हा उतारा नेहमी स्वयंपाकाच्या बाजूनं वाचला जातो. त्या बायका येशूबरोबर गावोगाव फिरत होत्या, हा भाग वाचताना निसटून जातो.

आता

फादरांची साखर आटोक्यात आली आहे असं ते स्वतः सांगतात. मे महिन्यात ते नगरकडे आईजवळ गेले. कॅनन लॉप्रमाणे धर्मग्राम-फादरांना वर्षाला महिनाभर रजा घेता येते. आधी या रजेवर कुरकुर व्हायची. या वेळी शेजारच्या धर्मग्रामातले फादर रविवारी आले आणि आठवड्याच्या इतर दिवशी बायकांनीच वाचन आणि जपमाळ चालवली. फोन करणाऱ्यांची संख्या कमी झाली, शून्य नाही.

बदलीची वेळ जवळ येत चालली आहे. पुढचे फादर कसे असतील, त्यांना काय लागेल, मुळात काही लागेल का, ते आल्यावर विचारायचं असं सचिवबाईंनी वहीत लिहून ठेवलं आहे. मंडळाचा सध्याचा वाद वेगळा आहे. धर्मग्राम परिषदेत पाड्यावरच्या दोन बायकांना घ्यावं अशी सूचना फादरांनी केली आहे. बैठक गावात, संध्याकाळी सातला असते, त्या वेळी पाड्याकडे जाणारी गाडी नसते. बैठकीची वेळ बदलायला अध्यक्षा अजून तयार नाहीत.